गाऱ्हाणे आणि नोंद : सीमेवरच्या न दिसणाऱ्या नाक्यांविषयी

(चंदगड येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तेवढी तशीच ठेवली आहे.)



संयोजकांनी विषय कळवला, ‘सीमापार व्यापारातील बिगर-जकात अडथळे’, तेव्हा आम्ही त्यांना म्हटले, अहो, हा विषय अर्थशास्त्राच्या माणसाचा. आम्ही उभी हयात तत्त्वज्ञान शिकवण्यात घालवली. ते म्हणाले, सर, अर्थशास्त्राचे लोक येऊन गेले, आकडे सांगून गेले, पण आमच्या टेम्पोवाल्याला काही कळले नाही. आता तुम्ही सांगा. तर टेम्पोवाल्याला कळेल असे बोलायचा प्रयत्न करतो. तत्त्वज्ञानाचा धंदा तसा एकच असतो, सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टींमधला फरक दाखवणे. या विषयात तोच कामाला येतो.

सुरुवात आपल्याच गावापासून करू. सीमा म्हटले की लोकांना वाघा-अटारी आठवते. पण चंदगडइतका सीमेचा अनुभव किती तालुक्यांना असेल? १९५६ पर्यंत हा तालुका बेळगाव जिल्ह्यात होता. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली. बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, एकटा चंदगड तालुका वगळला गेला आणि कोल्हापूरला जोडला गेला. म्हणजे माणसे जागेवर, शेते जागेवर, बाजारही जागेवर, आणि मधून रेघ गेली. बेळगाव इथून चाळीसेक किलोमीटर, कोल्हापूर शंभराच्या वर. रताळी, बटाटे कुठे जाणार? बेळगावलाच जाणार, आणि जातात. खाली तिलारीचा घाट उतरला की दोडामार्ग आणि पलीकडे गोवा. तिथे तर १९६१ पर्यंत चक्क दुसऱ्या देशाची हद्द होती. सीमा आपल्याला पुस्तकातून शिकायची गरज नाही.

आता जकात म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. माल आला, दर लावला, पैसे भरले, पावती घेतली, पुढे गेले. जकात कितीही जाचक असो, तिला एक सभ्यता असते. ती किती हे आधी कळते. बिगर-जकात अडथळा म्हणजे दर शून्य असूनही माल अडतो तो. परवाना अमुक कार्यालयातूनच आणा. तपासणी अमुक प्रयोगशाळेचीच हवी. अर्ज आमच्या भाषेत भरा. वजन आमच्याच काट्यावर. साहेब जेवायला गेलेत. यातली प्रत्येक गोष्ट एकेकटी पाहिली तर किरकोळ वाटते. पण नाशवंत माल भरलेल्या गाडीला सहा तास म्हणजे काय, हे इथे कुणाला सांगायला नको.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. जीएसटीच्या पुष्कळ आधीची. चुलत्यांची बटाट्याची गाडी एका नाक्यावर रात्रभर अडकली. पावसाळी दिवस, ताडपत्री फाटकी. सकाळी गाडी सुटली, बटाटे निम्मे भिजले, दलालाने निम्म्या भावात मागितले. काका घरी येऊन रागाने लाल. आम्ही तेव्हा नुकतेच प्राध्यापक झालेलो, अंगात उत्साह. म्हटले, काका, वरपर्यंत तक्रार करू, द्या माहिती. तारीख? ‘गेल्या बाजाराच्या आदल्या रात्री असेल.’ कोणत्या नियमाखाली अडवले? ‘नियम कसला डोंबलाचा!’ कागद काही दिला? ‘नाही.’ पैसे दिले? ‘दिले की.’ किती? तर त्यावर काका आणि ड्रायव्हर यांचे एकमत होईना. अर्जात लिहायला एकच वाक्य उरले, आमच्यावर अन्याय झाला. वाक्य खरे होते. पण त्यावर कुणीही काहीही करू शकले नसते.

त्या रात्री आम्हाला एक फरक कळला, आज तोच सांगायला आलो आहोत. आपल्याकडे रवळनाथापुढे गाऱ्हाणे घालतात. गाऱ्हाण्यात तारीख-वार लागत नाही, कारण देवाला सगळे आधीच ठाऊक असते. आपण फक्त मन मोकळे करायचे. कचेरीतल्या माणसाला मात्र काहीही ठाऊक नसते. त्याला नोंद लागते. गाऱ्हाणे आणि नोंद, दोन्ही दुःखातूनच निघतात, पण एक ऐकणाऱ्याच्या सर्वज्ञतेवर विसंबते आणि दुसरे त्याचे अज्ञान गृहीत धरते. आपण सरकारदरबारी जातो आणि गाऱ्हाणे घालून परत येतो. मग म्हणतो, कुणी ऐकत नाही.

आता दुसरा फरक, जरा जास्त कठीण. प्रत्येक नियम अडथळा नसतो. हे आधी कबूल केले पाहिजे, नाहीतर ज्याला जे नको तो त्याला अडथळा म्हणेल.

हापूसचे उदाहरण घ्या. युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतातला आंबा बंद केला, सोबत वांगी, कारली, पडवळ आणि अळूही. इकडे ओरड झाली, हे मुद्दाम केले. पण त्यांच्या कागदात काय होते? २०१३ मध्ये भारतातून आलेल्या २०७ खेपांमध्ये फळमाशी आणि इतर किडी सापडल्या होत्या. खेपा मोजलेल्या, किडी नोंदलेल्या. म्हणजे नियम होता, कारण होते, पुरावा होता. मग आपल्याकडून काय झाले? निर्यातीचा माल मान्यताप्राप्त पॅकहाउसमधूनच जाईल, उष्ण प्रक्रिया होईल, तपासणी कडक होईल, अशी व्यवस्था लावली. जानेवारी २०१५ मध्ये आंब्यावरची बंदी उठली. एक हंगाम गेला, बागायतदारांचे हाल झाले, ते खरेच. पण बंदी उठू शकली, कारण ती कारणासकट लिहिलेली होती. लिहिलेल्या कारणाला उत्तर देता येते. ‘साहेब जेवायला गेलेत’ याला काय उत्तर देणार?

द्राक्षांचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे, म्हणून आम्हाला ते जास्त आवडते. २०१० साली नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षांचे कंटेनर युरोपच्या बंदरांत अडकले. क्लोरमेक्वाट क्लोराइड, शेतकरी ज्याला सीसीसी म्हणतात, त्याचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला. त्यांची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम. हे वाढ नियंत्रित करणारे औषध, आपल्याकडे वर्षानुवर्षे वापरात होते, आणि आपल्या तपासणीच्या यादीत ते नव्हतेच! शेतकऱ्याने माल तपासून घेतला, दाखला मिळाला, आणि दाखला खरा असूनही माल नापास. चूक कुणाची? त्यांचा नियम आधीपासून होता. शेतकऱ्याने लपवाछपवी केली नव्हती. मधली यादी अपुरी होती. म्हणजे सीमेवरचा अडथळा कधी कधी सीमेच्या अलीकडे, आपल्याच घरातल्या कागदात असतो. पुढे तो घटक यादीत आला. पण त्या हंगामात ज्याचे कर्ज थकले त्याला याचा काय उपयोग?

तर अडथळा ओळखायचा कसा? आम्ही तीन प्रश्न विचारतो. हे कुठे लिहिले आहे? याचे कारण काय आणि ते कारण या मालाला लागू आहे का? आणि आतल्या-बाहेरच्याला तोच नियम आहे का? जागतिक व्यापार संघटनेचे १९९५ पासूनचे जे करार आहेत, अन्नसुरक्षा व वनस्पती-आरोग्याचा एक आणि तांत्रिक मानकांचा दुसरा, त्यांचे सार याच प्रश्नांत येते. भाषा वकिली आहे, पण गाभा असा की नियम जाहीर हवा, आरोग्याच्या नियमाला शास्त्रीय आधार हवा, गरजेपेक्षा जास्त जाच नको आणि भेदभाव नको. हेतू काय होता हे सिद्ध करायची गरज सहसा पडत नाही, आणि ते बरेच आहे. माणसाचा हेतू ओळखण्यात आम्ही तत्त्वज्ञानाची अडीच हजार वर्षे घालवली आहेत, तपासनीसाचा हेतू टेम्पोवाल्याने कसा ओळखायचा? परिणाम मात्र मोजता येतो.

आता हे तीन प्रश्न चंदगडात लावून पाहू. एक बचत गट आहे समजा. बायका काजू फोडतात, सोलतात, पाकिटे भरतात. वर्षाची उलाढाल दहा-बारा लाख. मालाच्या विक्रीला ४० लाखांपर्यंत जीएसटीची नोंदणी लागत नाही. तेव्हा ही पाकिटे गडहिंग्लजला विका, कोल्हापूरला विका, थेट गडचिरोलीला नेऊन विका, नोंदणी नको. पण चाळीस किलोमीटरवरच्या बेळगावच्या दुकानदाराला एक किलो गर विकला, की तो राज्याबाहेरचा व्यवहार झाला. आणि कायद्याच्या २४ व्या कलमाप्रमाणे करपात्र माल राज्याबाहेर विकणाऱ्याला, उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी सक्तीची! मग विवरणपत्रे आली, सल्लागाराची फी आली. कराचा दर दोन्हीकडे तोच, ५ टक्के. म्हणजे जकात शून्य, आणि तरी रेघ ओलांडायची वेगळी किंमत.

आम्ही काही व्यापाऱ्यांना हे विचारले तेव्हा ते म्हणाले, सर, हे कुठे अडथळा, हा तर कायदा आहे. बरोबर, कायदाच आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर चोख आहे, लिहिलेला आहे. दुसऱ्याचे उत्तरही काही प्रमाणात आहे, राज्याराज्यांत कराची वाटणी करायची तर हिशेब लागतो. गोम तिसऱ्यात आहे. कायदा सर्वांना सारखा, पण त्याचा भार सारखा नाही. नागपूरच्या मधोमध बसलेल्या गटाला या कलमाची झळ लागतच नाही, कारण त्याचे गिऱ्हाईक त्याच्याच राज्यात आहे. ज्याचे नैसर्गिक गिऱ्हाईक १९५६ साली रेघेपलीकडे गेले, त्यालाच ते लागते. हस्तकलेच्या वस्तूंना यातून काही अटींवर सूट दिलेली आहे, हेही लक्षात ठेवा. सूट देता येते, म्हणजे मागताही येते. पण कशाच्या बळावर मागणार? ‘आमचे नुकसान होते’ एवढ्यावर? की ‘अमुक महिन्यात बेळगावच्या इतक्या दुकानांची इतक्या किलोची मागणी नोंदणीअभावी परत गेली’ असे लिहून?

ई-वे बिलाचेही थोडे तसेच. राज्याबाहेर ५० हजारांवरच्या मालाला ते लागते, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखावर. किलोला सातशेचा भाव धरला तर ५० हजार म्हणजे दहा किलोचे सातच डबे भरतात. पण हा अडथळा आम्ही फार मोठा मानत नाही. मोबाइलवर दहा मिनिटांत होते, आणि २०१७ मध्ये जुने विक्रीकराचे नाके उठले ते जीएसटीमुळेच. सगळ्याच नियमांवर एकदम दात धरला की खरा दुखरा दात सांगता येत नाही.

उसाचे बोलू. सप्टेंबर २०२३ आठवतो? पाऊस ओढला होता. राज्य सरकारने अधिसूचना काढली, ३० एप्रिल २०२४ पर्यंत महाराष्ट्रातला ऊस परराज्यात न्यायचा नाही. कारण लिहिलेले होते, कारखान्यांना ऊस कमी पडेल. आता तिन्ही प्रश्न लावा. कारण खरे होते, पण कुणाचे? कारखान्याचे. किंमत कुणी मोजायची? शेतकऱ्याने, त्यातही सीमेवरच्या, ज्याच्या बांधापासून कर्नाटकातला कारखाना जवळ आहे आणि कदाचित दोन पैसे जास्तही देतो. राजू शेट्टींनी आणि त्यांच्या संघटनेने जोरदार विरोध केला, आणि काही दिवसांतच ती बंदी मागे घेतली गेली. ती मोडली ती संघटनेच्या ताकदीने. उसाला संघटना आहे. रताळ्याला आहे का? काजू सोलणाऱ्या बाईला आहे का? जिथे ताकद नाही तिथे कागद लागतो, एवढेच आमचे म्हणणे.

आपण राज्यघटनेकडेही पाहू. ३०१ वे कलम सांगते की भारतभर व्यापार, वाणिज्य आणि ये-जा मुक्त असेल. पुढच्या कलमांत अपवाद आहेत, सार्वजनिक हितासाठी वाजवी निर्बंध घालता येतात. आणि ३०७ वे कलम म्हणते की ही कलमे राबवण्यासाठी संसद एक अधिकारी-मंडळ नेमू शकेल. घटना लागू होऊन सत्तरहून अधिक वर्षे झाली. सरकारिया आयोगानेही असे मंडळ नेमा म्हणून सुचवले. ते आजवर नेमलेले नाही. आम्हाला याची मोठी गंमत वाटते, आणि रागही येतो. म्हणजे बेळगावच्या वाटेवर कुणाचा माल विनाकारण अडला, तर कोर्टाची पायरी आहे, पोर्टलवरच्या सर्वसाधारण तक्रारी आहेत. पण राज्याराज्यांतले व्यापारी अडथळे नोंदवून घेणे हेच ज्याचे काम, असे घटनेने योजलेले दार उघडलेलेच नाही.

याच्या उलट आफ्रिकेकडे बघा. आफ्रिका कशाला, असे वाटेल; पण आपल्या काजूचा संबंध तिथे आहे. देशातल्या कारखान्यांना लागणाऱ्या कच्च्या काजूचा मोठा हिस्सा टांझानिया, आयव्हरी कोस्ट, बेनिन अशा देशांतून येतो, आणि चंदगड-आजऱ्याच्या कारखानदारालाही ही नावे नवी नाहीत. तिथे पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या तीन व्यापारी संघांनी मिळून एक व्यवस्था केली. कुणाही ट्रकवाल्याने, व्यापाऱ्याने ऑनलाइन किंवा मोबाइलवरून कळवायचे, कोणत्या नाक्यावर, काय माल, काय अडवले, किती वेळ, किती खर्च. ती तक्रार दोन्ही देशांच्या नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे जाते, आणि सुटली की नाही ते सर्वांना दिसते. सगळ्या सुटतात असे नाही. काही वर्षानुवर्षे लोंबकळतात. पण लोंबकळताना दिसतात! आपल्याकडे लोंबकळणारी गोष्ट फायलीच्या पोटात असते.

आफ्रिकेचा विषय निघालाच आहे तर एक अवघड गोष्टही बोलली पाहिजे, नाहीतर आम्ही फक्त आपलीच बाजू मांडली असे होईल. बेनिनने एप्रिल २०२४ पासून कच्च्या काजूची निर्यातच बंद केली. का? तर आमचा काजू आम्हीच फोडू, आमच्या माणसांना काम मिळू दे. आपल्या कारखानदाराला हा अडथळा वाटतो. आणि आपण काय केले आहे? जून २०१९ मध्ये भारत सरकारने काजूगराच्या आयातीला किमान किंमत ठरवली, तुकड्याला किलोला ६८० रुपये, अख्ख्याला ७२०. त्याखालच्या भावाचा गर आत येऊ द्यायचा नाही. का? तर आपल्या बायकांचे काम जाऊ नये. कारण शब्दाशब्दाने तेच! व्हिएतनामच्या व्यापाऱ्याला विचारा, तो आपल्या नियमाला अडथळाच म्हणेल. कांद्याचेही तेच, डिसेंबर २०२३ मध्ये आपणच निर्यात बंद केली, मे २०२४ मध्ये उघडली तीही किमान दर आणि ४० टक्के शुल्क लावून. बांगलादेशातल्या गिऱ्हाइकाने आणि लासलगावच्या शेतकऱ्याने, दोघांनीही तिला अडथळाच म्हटले.

मग न्याय कुठे? आम्हाला वाटते, ‘आमची भिंत म्हणजे संरक्षण आणि त्यांची भिंत म्हणजे अडथळा’ हे म्हणणे टिकत नाही. पण सगळ्याच भिंती पाडा, हेही आम्ही म्हणणार नाही; आल्या दिवसाच्या मजुरीवर चूल पेटवणाऱ्या बाईला ते सांगायला आम्हाला तोंड नाही. भिंत बांधणाऱ्याने कारण जाहीर सांगावे, आगाऊ सांगावे, आणि पलीकडच्याला उत्तर द्यायची संधी द्यावी. जागतिक करारात नवा नियम कळवल्यावर हरकतींसाठी साधारण ६० दिवस ठेवण्याची शिफारस आहे. आपल्याकडे अशा गोष्टींची माहिती देणारी केंद्रे आहेत. तांत्रिक मानकांसाठी भारतीय मानक ब्यूरो, अन्नासाठी एफएसएसएआय. युरोपात काजू पाठवणाऱ्या किती जणांनी तिथे एक ओळ लिहिली असेल?

आता शेवटचे, कामाचे. नोंद करायची म्हणजे काय करायचे. गाडीत एक वही ठेवा. शंभर पानी, साधी. गाडी अडली की त्याच वेळी लिहा. घरी जाऊन लिहिलेल्यात राग जास्त असतो आणि माहिती कमी. तारीख आणि वेळ, थांबल्याची आणि सुटल्याची. ठिकाण. माल कोणता, वजन किती, कुठून कुठे. कोणता कागद मागितला, आणि तो कुठल्या नियमाने लागतो असे सांगितले. त्यांचेच शब्द लिहा, आपला अर्थ नको. नियम सांगितला नसेल तर ‘विचारले, सांगितला नाही’ असे लिहा, ही फार मोलाची ओळ असते. पैसे दिले तर किती, पावती मिळाली की नाही. माल किती खराब झाला, भाव किती पडला. शक्य तर मोबाइलवर पाटीचा, कागदाचा फोटो. अधिकाऱ्याचा स्वभाव, जात, राज्य, भाषा यातले काही लिहू नका. त्याने नोंद लगेच भांडण होते. पलीकडच्या कचेरीत कन्नड अर्ज दिला तर ‘अर्ज फक्त कन्नडमध्ये होता, भरून घ्यायला अमुक वेळ आणि इतके पैसे गेले’ एवढेच लिहावे. ‘मराठी म्हणून छळले’ हे खरे असले तरी ते वहीत सिद्ध होत नाही, दोन तास सिद्ध होतात. आणि हो, ज्या दिवशी गाडी कुठेही अडली नाही तेही लिहा. शंभर खेपांपैकी किती अडल्या हे सांगता आले पाहिजे. नुसत्या अडलेल्याच सांगितल्या तर समोरचा म्हणतो, यांच्या नशिबीच हे येते वाटते.

एका गाडीची वही म्हणजे एका माणसाची कटकट. वीस गाड्यांच्या वह्या सहा महिने चालल्या, की त्यात तोच नाका, तोच वार, तोच कागद पुन्हा पुन्हा दिसू लागतो. मग निवेदन लिहिता येते. नोंदणीच्या त्या कलमाचे निवेदन राज्याच्या अर्थमंत्र्यांमार्फत जीएसटी परिषदेकडे जायला हवे. बाजार समितीचे असेल तर पणन खात्याकडे, प्रत पलीकडच्या बाजार समितीला.

संयोजकांनी पन्नास वह्या आणून ठेवल्या आहेत, दाराशी टेबलावर आहेत. पहिल्या पानावर रकाने आखून दिले आहेत. पेन ज्याचे त्याने आणायचे. काही प्रश्न असतील तर विचारा, आम्ही बसलेलो आहोत.